कोचच्या खोलीतला पेला

आमच्या घरातला स्टीलचा पेला हॉकीच्या कोचच्या टेबलावर दिसला, तेव्हा मला आधी ते खरंच वाटेना. हल्ली शिकागोजवळच्या या नेपरव्हिलमध्ये भारतीय दुकानं कमी नाहीत, असले पेले ढिगाने मिळतात, घेतला असेल कुणीतरी, असं म्हणून मी नजर वळवली. मग पुन्हा पाहिलं. काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं होती. पेल्यात शिट्ट्या होत्या, दोन-तीन पेनं होती. ते सगळं मी टेबलावर काढून ठेवलं, पेला खिडकीच्या उजेडात धरला आणि वाचलं. 'चि. सौ. कां. वासंती हिस मामाकडून.'

वासंती म्हणजे माझी आई. असे सहा पेले तिला लग्नात मिळाले होते. नागपूरहून ते आमच्याबरोबर अमेरिकेत आले आणि मी हायस्कूलमध्ये असताना कधीतरी त्यांतला एक नाहीसा झाला. कुठे गेला असं बाबांनी विचारलं की आई म्हणायची, "असेल कुठेतरी." तो इथे होता. बर्फाच्या रिंकवर, माझ्या जुन्या शाळेच्या हॉकी टीमच्या कोचच्या खोलीत, ज्या माणसाला मी वीस वर्षं टाळत आले त्याच्या टेबलावर.  बाहेर मुलं प्रॅक्टिस करत होती, पक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतली ती रबरी चकती, कडेच्या फळ्यांवर आपटल्याचे आवाज येत होते.

त्या दिवशी आम्ही नेपरव्हिलचं घर रिकामं करत होतो. बाबा गेल्यावर आई एकटीच तिथे राहत होती, आता ती माझ्याकडे टेक्ससला, फ्रिस्कोला यायची होती. संध्याकाळचं विमान होतं. खोक्यांच्या मधोमध जमिनीवर बसून आम्ही कागदी ताटल्यांत पोहे खाल्ले, आणि आई कोट चढवत अगदी सहज म्हणाली, "निघताना रिंकवर थांबू गं जरा. कोचसाहेबांना भेटून घेते. रिटायर होतायत म्हणे, लायब्ररीत कळलं."

"कोण कोचसाहेब?"

"तुझे. ब्रेनर. दुसरे कोण?"

"तुझी आणि त्यांची कसली ओळख?"

"अगं, रोज दिसायचे ना," आई म्हणाली आणि बूट शोधायला लागली.

 हॉकी सोडल्यापासून मी त्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. सुट्टीत आले की तो रस्तासुद्धा टाळायचे, लांबच्या सिग्नलवरून वळून जायचे. आईला हे माहीत नव्हतं, कारण मी तिला कधी सांगितलंच नाही. आता तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी, बाहेर गोठलेला पार्किंग लॉट, आणि बाईसाहेब निघाल्या कोचला भेटायला. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

दार उघडलं आणि तो वास आला. वीस वर्षांत त्यांनी भिंतींना रंग दिला होता, खाऊच्या खिडकीवर नवी पाटी लावली होती, पण वास तोच. ओल्या रबरी चटयांचा, घामाने भिजून वाळलेल्या आणि परत भिजलेल्या हातमोज्यांचा, पॉपकॉर्नचा, बर्फ सारखा करणाऱ्या गाडीच्या धुराचा, आणि या सगळ्याच्या खाली थंडीचा स्वतःचा एक वास, नाकाच्या आत टोचणारा. मी चौदा वर्षांची झाले. खरंच झाले. माझ्या खांद्याला त्या अवाढव्य बॅगेचं ओझं जाणवलं.

मी गोलकीपर होते. नागपुरात असताना आमच्या कॉलनीत मी विकेटकीपिंग करायचे, कारण मुलं मला बॅटिंग देत नसत. इथे आल्यावर हॉकीच्या निवडीच्या दिवशी मला धड स्केटिंगही येत नव्हतं. काठाला धरून उभी होते. एका मुलाने मारलेला पक उडून माझ्या दिशेने आला आणि मी तो डाव्या हाताने झेलला, न बघता, सवयीने. कोच ब्रेनर रिंकच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथून ते ओरडले, "तू! नाव काय?" आवाज असा की वरच्या पत्र्यातून फिरून परत माझ्याकडे आला. मी कुलकर्णी म्हटलं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि शेवटी 'कुल्की'वर तडजोड केली. पुढची तीन वर्षं मी कुल्की होते. मुलांच्या टीममधली एकटी मुलगी, एकटी भारतीय, आणि रविवारी आई डोक्याला तेल चोपडायची म्हणून सोमवारी जिच्या हेल्मेटला खोबरेल तेलाचा वास येतो अशी जगातली बहुधा एकटी गोलकीपर.

प्रॅक्टिस पहाटेची असायची, कारण बाकीच्या वेळी रिंक दुसऱ्यांना दिलेली. बाबा शिकागोच्या गाडीसाठी उठायच्या आधी आई मला घेऊन निघालेली असायची. काचेवरचा बर्फ खरवडून काढायचा, गाडी चालू करून ठेवायची, सीट इतकी थंड की बसताना किंकाळी यायची. रस्त्यावर कुणी नाही. फक्त बर्फ बाजूला सारणाऱ्या गाड्यांचे पिवळे दिवे गरगरत असायचे. आई स्टिअरिंगला चिकटून, पुढे वाकून गाडी चालवायची आणि तोंडाने रामरक्षा म्हणायची. रिंकवर पोचलो की मी बॅग ओढत लॉकर रूममध्ये जायचे. पॅड बांधायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा. पट्ट्या, बंद, परत पट्ट्या. चिकटपट्टी फाडल्याचा चर्र आवाज, मुलांच्या जांभया, कुणाचा तरी केळं खाल्ल्याचा वास. त्या वेळात आई कुठे असते, काय करते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आया गाडीत बसून झोपतात, तशी तीही झोपत असेल. त्या वयात आईला आपल्याशिवाय काही आयुष्य असतं हे कुणाच्या डोक्यात येतं?

आणि पहिल्यांदा बर्फावर उतरायचा तो क्षण. गाडी नुकतीच फिरून गेलेली, सगळा बर्फ ओला, काचेसारखा, वरचे दिवे त्यात उलटे टांगलेले. कोच तिथे आधीच असायचे. हातात काठी, डोक्यावर लोकरीची टोपी, अंगात तेच निळं जाकीट. आम्ही येण्याआधी ते एकटेच एक फेरी मारत. त्यांच्या स्केटच्या एका जोडीची लांबलचक रेघ तेवढी त्या बर्फावर असायची, आणि ती मोडायला आम्हाला जिवावर यायचं.

त्यांची एक पद्धत होती. मॅच संपली, जिंकलो असू किंवा हरलो असू, की ते लॉकर रूममध्ये येत आणि बाकांच्या रांगेसमोरून सावकाश चालत जात. प्रत्येकापुढे थांबत आणि प्रत्येकाला एक चूक सांगत. एकच. "मान वर ठेवून पास दे." "तू दमलास तेव्हा बदली मागितली नाहीस." "उजवीकडे वळताना पाय ओढतोस." आवाज तेव्हा खाली आलेला असायचा, फक्त त्याला ऐकू जाईल एवढा. शाबासकी कधीच नाही. तीन वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'छान' हा शब्द ऐकला नाही. पण ती चूक घ्यायला आम्ही जीव टाकायचो. कारण ज्याला चूक सांगितली, तो उद्या येणार आणि ती सुधारणार, हे त्यांनी धरून ठेवलेलं असायचं. एका मुलाला त्यांनी दोन मॅचनंतर काही सांगितलं नाही आणि पुढच्या आठवड्यात तो टीममध्ये नव्हता. त्याचं कुटुंब ओहायोला गेलं होतं की आणखी काही, कुणास ठाऊक. आम्ही आपला अर्थ लावून टाकला. ज्याला कोच काही सांगत नाहीत, त्याच्याकडून त्यांना काही नको असतं.

कॉरिडॉरमध्ये अजून ते फोटो होते. दरवर्षीच्या टीमचा एक. आईला लॉबीतल्या हीटरजवळच्या बाकावर बसवून मी कोचना शोधायला निघाले, तेव्हा त्या फोटोंसमोरून जावं लागलं. पहिल्या फोटोत कोच स्वतःच पोरगेलेसे, तपकिरी दाट केस, मिशी. मग मिशी गेली. मग केस मागे सरले, राखाडी झाले, पांढरे झाले. जाकीट तेवढं निळंच राहिलं. मुलं मात्र कायम सोळा वर्षांची. एका फोटोत ओळखीचा चेहरा दिसला म्हणून थबकले तर तो माझ्याबरोबर खेळलेल्या कुणाचा मुलगा निघाला, बापासारखाच वाकडा हसणारा. माझे तीन फोटो सापडले. जाड पॅडमध्ये बुडालेली मी, दोन वेण्या. चौथ्या फोटोत माझ्या जागी एक उंच मुलगा होता. त्या मुलाचा मला वीस वर्षांनी, त्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून, अगदी पोरकट राग आला.

बर्फाच्या कडेला पोचले तेव्हा कोच पाठमोरे होते. वाकले होते थोडे. मुलं दुसऱ्या टोकाला गोंधळ घालत होती आणि मी आपसूक कानांना तयार केलं, आता हाक येणार. हाक आली नाही. त्यांनी काठी फळीवर आपटली, दोनदा. सगळी मुलं जागच्या जागी थांबली.

"तुम्हाला माहीत नाही का?" शेजारी उभा असलेला तरुण असिस्टंट कोच मला म्हणाला. "मागच्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. आता गळ्याला ते मशीन लावून बोलतात. होते सवय." मग माझ्या तोंडाकडे बघून तो घाईने म्हणाला, "तुम्ही त्यांच्या ऑफिसमध्ये बसा ना. पाठवतो मी त्यांना."

मी ऑफिसात जाऊन बसले. आवाज गेला. मी येताना गाडीत मनाशी ठरवलं होतं, आलोच आहोत तर विचारायचं. एवढी वर्षं घशात अडकलेला एक प्रश्न एकदाचा विचारून टाकायचा आणि विमानात बसायचं. आता उत्तर देणाऱ्याचा घसाच राहिला नव्हता. हे पचवते न पचवते तोच मला तो पेला दिसला.

प्रश्न असा होता. अकरावीच्या वर्षी, जानेवारीत, शेजारच्या गावच्या शाळेशी मॅच होती. बरोबरी झालेली, अगदी शेवटची मिनिटं, आणि त्यांचा एक मुलगा एकटाच माझ्यावर चालून आला. त्याच्या स्केटचा आवाज मला आजही ऐकू येतो. पक माझ्या डाव्या खांद्यावरून गेला आणि मागे जाळीत शिरला. जाळीत पक शिरल्याचा आवाज फार हलका असतो, कुणी उसासा टाकावा तसा. आम्ही हरलो. लॉकर रूममध्ये कोच आले. बाकांसमोरून चालायला लागले. प्रत्येकापुढे थांबले, प्रत्येकाला त्याची चूक सांगितली. मी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं. माझ्यापुढे आले, थांबले, माझ्याकडे बघितलं. तोंड जरासं उघडलं. आणि मग काही न बोलता पुढच्या मुलाकडे गेले.

बस्स, एवढंच. कुणी मेलं नाही, कुणी काही फेकलं नाही. पण मला त्या क्षणी जो धक्का बसला तसा पुढे आयुष्यात फार थोड्या वेळा बसला. घरी आईने गरम वरण-भात वाढला, वर तुपाची धार, लिंबू. मी मुकाट जेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे गजर झाला, तो मी बंद केला आणि तोंडावरून रजई ओढली. आई दारात आली, थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. त्यानंतर मी कधीच गेले नाही. परीक्षा आहेत म्हणून सांगितलं. बाबांना बरंच वाटलं. कोचकडून फोन आला नाही, मीही केला नाही. बॅग गॅरेजमध्ये गेली आणि कित्येक उन्हाळे तिथे वास मारत पडून राहिली.

पण ती चूक काय होती, हा भुंगा काही गेला नाही. कॉलेजात, नोकरीत, कुठेही काही बिनसलं की मी परत त्या गोलपोस्टमध्ये उभी असायचे. डोळे मिटले होते का? हात खाली राहिला? की चूक इतकी मोठी होती की सांगण्यातही अर्थ नव्हता? नवऱ्याला एकदा हे सांगितलं तर तो म्हणाला, "यार, हायस्कूलची मॅच आहे, लेट इट गो ना." बरोबरच होतं त्याचं. पण सोडून देता आलं असतं तर मी ते कधीच सोडलं नसतं का?

दार उघडलं आणि कोच आत आले. मी पेला हातात घेऊन उभी राहिले, शाळेत असल्यासारखी ताठ. त्यांनी खिशातून एक छोटं नळकांडं काढलं, गळ्याला लावलं आणि खोलीत दाढीच्या मशीनसारखा घर्रर्र आवाज झाला. त्यात शब्द होते. "कुल्की," ते म्हणाले. एवढं मला कळलं. माझे डोळे भरून आले. मग त्यांची नजर पेल्यावर गेली आणि पुन्हा ती घरघर झाली.

"वासंती."

 अमेरिकेत आईला तिच्या नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. ती मिसेस कुलकर्णी होती, कुलकर्णी काकू होती, माझी मॉम होती. बाबासुद्धा 'अगं' म्हणायचे. आणि हा माणूस 'वासंती' म्हणत होता, त्यातला 'त' सुद्धा बरोबर. पुढे ते बरंच काही बोलले, त्यातलं मला काही समजलं नाही. नुसता घरघराट. शेवटी मी एवढंच म्हणाले, "ती बाहेर बसली आहे. लॉबीत."

ते वळले आणि चालायलाच लागले. बर्फावर मुलं होती, प्रॅक्टिस चालू होती. प्रॅक्टिस चालू असताना कोच ब्रेनरनी बर्फाकडे पाठ केलेली मी कधीच पाहिली नव्हती. वाटेत भेटलेला असिस्टंटही त्यांच्याकडे बघत राहिला.

आई काठी टेकून उठायला लागली. त्यांनी हाताने खूण करून तिला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. "कोचसाहेब, काय हे," आई मराठीतच म्हणाली आणि त्यांच्या गळ्याकडे बोट केलं. मग तिच्या त्या तुटक इंग्रजीत, "व्हॉट हॅपन? पेन इज देअर?" ते बोलले. आई मान हलवत राहिली. तिने काहीतरी विचारलं. ते बोलले. आई हसली. मी समोर उभी राहून बघत होते. बँकेत, डॉक्टरकडे, मोटारीच्या दुकानात, प्रत्येक ठिकाणी आईला समोरचा काय म्हणतोय ते मी सांगत आले. आज मला एक अक्षर लागत नव्हतं आणि तिला सगळं कळत होतं.

"तुला समजतंय?" मी विचारलं.

"न समजायला काय झालं? तोंडाकडे बघायचं," आई म्हणाली. "आधी तरी मला कुठे त्यांचं इंग्रजी कळायचं? तेव्हाही तोंडाकडेच बघायचे मी."

मग ते हळूहळू बाहेर आलं. गाडी चालू ठेवून आत बसायची आईला भीती वाटायची, म्हणून ती रोज लॉबीत येऊन बसे, याच बाकावर. थर्मासमध्ये आलं घातलेला चहा असे. एके दिवशी तिने कोचना विचारलं, घेणार का. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी एक पेला घेऊन आली. आम्ही आत पॅड बांधत असू तेवढा वेळ ही दोघं इथे चहा पीत. आई नागपुरात शाळेत शिकवायची. इथे व्हिसामुळे तिला नोकरी करता येत नव्हती, आणि ती शिक्षिका होती हे या देशात कुणाच्या गावीही नव्हतं. कोचनी ते पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं. मग ते तिला मुलांबद्दल विचारायचे. हा फार उद्धट आहे, काय करू. तो बोलतच नाही, काय करू. आई तिला सुचेल ते सांगायची.

"मी काय सांगणार गं हॉकीचं," आई म्हणाली. "पण पोरं ती पोरंच. त्या लाल केसांच्या मुलाला सगळ्यांसमोर बोलू नका म्हटलं, एकट्याला बाजूला घ्या. घ्यायला लागले."

मला तो लाल केसांचा मुलगा आठवला. मला आठवलं की एका हिवाळ्यानंतर कोच त्याच्यावर ओरडायचे थांबले होते आणि आम्ही सगळ्यांनी त्याला लाडका ठरवून छळलं होतं.  तीन वर्षं मी ज्या जागेला माझी, फक्त माझी, घरापासून लांबची समजत होते, तिथे माझी आई रोज सकाळी चहा पाजत बसली होती.

आणि मग मी विचारलं. कोचकडे बघून, इंग्रजीत, एका दमात. "कोच, त्या जानेवारीतल्या मॅचनंतर तुम्ही सगळ्यांना त्यांची चूक सांगितली. मला का नाही सांगितली?"

 त्यांनी सावकाश मान वळवून आईकडे पाहिलं.

"अगं, ते मी सांगितलं होतं त्यांना," आई म्हणाली.

"काय सांगितलं होतंस?"

"आज हिला बोलू नका म्हणून. मी वर प्रेक्षकांत बसले होते ना, बघितलं, तू नुसती रडवेली झाली होतीस. दुपारपासून पोटात काही नव्हतं तुझ्या. उपाशीपोटी पोराला बोलू नये गं, मनाला लागतं. मी लॉकर रूमच्या दारात गाठलं त्यांना. म्हटलं, नॉट नाऊ. आफ्टर फूड. घरी नेते, जेवू घालते, उद्या सांगा काय सांगायचं ते."

आफ्टर फूड. औषधाच्या गोळीसारखं. हसावं की ओरडावं हेच मला कळेना.  वीस वर्षं. मी त्या गप्प बसण्यावरून स्वतःला मापलं होतं, त्याच्यापायी बारावीचा अख्खा हिवाळा घालवला होता, आणि ते सगळं एका वरण-भातासाठी थांबलेलं होतं!

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? तू दुसऱ्या दिवशी उठली नाहीस. मी दारात आले होते. मला वाटलं तुला नको झालंय. मुलांत खेळायचं, मार खायचा, कशाला जबरदस्ती करू?" आईने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिचा आवाज बदलला. "माझं पण बंद झालं ना मग. तू येत नाहीस तर मी कशाला जाणार? एकदा निरोप घ्यायला जाऊ म्हणत होते. राहूनच गेलं."

 हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी रजई ओढून पडले त्या पहाटे आई कपडे करून दारात उभी होती. थर्मास भरलेला असणार. त्या गावात तिचं नाव घेणारा एकच माणूस होता, आणि तोही मी गजर बंद केला तेव्हा तिच्याकडून गेला. माझ्या गेलेल्या वर्षाचं मला मेलं केवढं कौतुक, आणि तिचं गेलं ते कुणी विचारलंसुद्धा नाही. मी खाली तिच्या पायाशी, त्या रबरी चटईवर बसले आणि तिचा हात धरला. हातमोज्यातून तो लहान मुलीच्या हातासारखा वाटत होता.

कोच आमचं मराठी ऐकत होते. आतून पक फळीवर आपटल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं. मग त्यांनी ते नळकांडं गळ्याला लावलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. लहानसं वाक्य. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आईने सांगितलं तसं, पण मला काही जमलं नाही.

"काय म्हणाले?"

"विचारतायत, आज जेवलीस का," आई म्हणाली. आणि मी काही बोलायच्या आत तिनेच त्यांना सांगून टाकलं, "यस, यस. पोहे. फुल प्लेट."

कोचनी मान डोलावली. ते बाकावरून उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी धडपडत उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी पुढे गेले नाहीत. डाव्या हाताचा पंजा माझ्या डाव्या खांद्याच्या वर, हवेत धरला. मग ते बोलले. घरघर बराच वेळ चालली. त्यांचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत आणि मी आईकडे वळून बघायची हिंमत केली नाही.

"ते म्हणतायत," आईचा आवाज माझ्या मागून आला, अगदी शाळेत धडा समजावून सांगावा तसा, "त्या मुलाने मारायच्या आधीच तू गुडघ्यांवर बसलीस. घाई केलीस. म्हणून वरचा डावा कोपरा उघडा पडला. उभी राहा म्हणतायत. शेवटपर्यंत उभी राहा."

"येस, कोच," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरलं नाही.